रात्रीची कोकणगाडी: एसटी की खासगी स्लीपर?

मुंबईहून देवगड, मालवण, राजापूरकडे निघायचं तर आधी बघा, गाव हायवेपासून किती आत आहे. बऱ्याच खासगी स्लीपर हायवे धरूनच जातात. पहाटे चारला तळेरे फाट्यावर उतरवलं, की पुढं रिक्षावाला मागेल ते द्यावं लागतं. एसटी तालुक्याच्या स्टँडवर नेते. उजाडेपर्यंत तिथे बाकावर टेकता येतं आणि गावात जाणारी पहिली गाडी तिथूनच सुटते.

घर हायवेलाच असेल तर स्लीपर जरूर घ्या, पण बर्थ बघून. सर्वांत मागचा नको. तो मागच्या चाकांच्याही पाठीमागे येतो, म्हणून प्रत्येक खड्ड्याला अंग उडतं. इंजिन मागे असेल तर गादीही खालून तापते. वरचा बर्थ घाटात जास्त डोलतो. गाडी लागणाऱ्यांनी पुढच्या-मागच्या चाकांच्या मधला, खालचा धरावा. बोरिवलीला चढलात, तर पनवेल सुटेपर्यंत माणसं भरणं चालूच असतं, झोप विसरा.

चढल्याबरोबर संकटकालीन दरवाजा आणि काच फोडायची हातोडी शोधून ठेवा. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली. दरवाजाची बाजू खाली गेली आणि २५ प्रवाशांचा जीव गेला.

साध्या एसटीत रात्र बसूनच काढायची, गुडघे अवघडतात. पण गाडी बंद पडली तर कंडक्टर त्याच तिकिटावर मागून येणाऱ्या एसटीत बसवून देतो. खासगीत दुसरी गाडी येईस्तोवर रस्त्याकडेला ताटकळायचं. एसटी वाटेतल्या स्टँडवर थांबते, खासगी बहुधा एकाच ढाब्यावर. सोबत म्हातारी माणसं किंवा मधुमेही असतील तर एवढ्यावरूनच एसटी घ्यावी.

भाड्यातही एसटी स्वस्त: राज्यात ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत, महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. खासगी गाड्यांना एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडं घेता येत नाही, असा सरकारी आदेश २०१८ चा आहे. तरी गणपतीत तो सर्रास मोडला जातो. म्हणून पूर्ण रक्कम छापलेलं तिकीट मागा. ‘उरलेले गाडीत द्या’ म्हणणाऱ्याकडे बुकिंग करू नका, कारण आरटीओकडे तक्रार करायची तर हातात कागद लागतो.