अंगणवाडीच्या ताईंनी काय वाचावं, फोनमध्ये काय ठेवावं: वापरून बघितलेलं सांगतेय

आमच्या बीटमध्ये, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांत, नव्या ताया लागल्यात आणि भेटली की प्रत्येकीचा प्रश्न तोच, अक्का कोर्स कोणता करू, पुस्तक कोणतं घेऊ, फोनमध्ये काय टाकून ठेवू. दरवेळी उभ्याउभ्या अर्धवट सांगते आणि घरी आल्यावर आठवतं की मुख्य सांगायचंच राहिलं, म्हणून आज बसून नीट लिहितेय. मी अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात १४ वर्षं अंगणवाडी चालवतेय. पटावर २६ पोरं, खोली एक, मदतनीस एक.

आधीच सांगून टाकते, पैसे भरून कोर्स घ्यायची काही गरज नाही. फुकट मिळणारं साहित्य चांगलं आहे आणि भरपूर आहे, फक्त ते आपल्या पोरांच्या बोलीत आणि आपल्या वावरातल्या, घरातल्या वस्तूंत उतरवायला लागतं. ते उतरवणं हेच आपलं खरं शिकणं, आणि त्याचं सर्टिफिकेट कोणी देत नाही.

पैशाचं एवढ्यासाठी म्हणतेय की मी भरून बघितलेत. एका प्रायव्हेट ऑनलाइन कोर्सला मानधनातून २५०० रुपये भरले होते, नाव घेत नाही. सगळे व्हिडिओ शहरातल्या नर्सरीचे, एका खोलीत ८-१० मुलं, प्रत्येकाला वेगळी चटई, लाकडी खेळण्यांनी भरलेली कपाटं आणि खालून मराठी आवाज लावलेला. ३ वर्षांचं रडणारं आणि साडेपाच वर्षांचं उड्या मारणारं पोरगं एकाच खोलीत एकाच वेळी कसं सांभाळायचं, याच्यावर एक शब्द नाही. प्रश्न विचारायला ग्रुप होता, तिथे मी तीनदा विचारलं, उत्तर आलं नाही, शेवटी सर्टिफिकेटची पीडीएफ आली. त्यातली एकच गोष्ट कामाची निघाली, रोज दोन मुलांबद्दल दोन ओळी वहीत लिहायच्या. ते मी आजही करते, पण तेवढं तर सरकारी पुस्तकातही फुकट सांगितलंय.

आता जे खरंच वापरते ते सांगते.

सगळ्यात वर आधारशिला. हा ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम, केंद्राच्या महिला व बालविकास खात्यानं २०२४ मध्ये काढलाय. पोषण भी पढाई भी म्हणून जो कार्यक्रम १० मे २०२३ ला सुरू झाला त्यातल्या ३ दिवसांच्या प्रशिक्षणाला हेच धरून शिकवतात. आपल्या महाराष्ट्रातल्या जुन्या तायांना आधीपासून 'आकार' हा राज्याचा अभ्यासक्रम माहिती आहे, त्यांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. मला आवडली ती वर्षाची आखणी. ४८ आठवडे धरलेत, त्यातले पहिले ४ आठवडे फक्त मुलांनी रुळायचं, मग ३६ आठवडे शिकायचं आणि शेवटचे ८ उजळणीचे. ते पहिले ४ आठवडे वाचून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू, कारण जूनमध्ये आमच्याकडे अर्धी खोली रडत असते आणि मला वाटायचं माझंच काही चुकतंय, बाकीच्यांच्या अंगणवाडीत शिकवणं सुरू झालं आणि मी अजून नाकं पुसतेय. नाकं पुसणं, मांडीवर घेणं, चपला कुठे ठेवायच्या ते दाखवणं, हेच त्या महिन्याचं काम असतं. आठवड्याचे ५ दिवस नव्या कृती आणि सहावा दिवस मागं वळून बघायला असतो. तो सहावा दिवस सोडू नका बरं का, कोणाला काय जमलं नाही ते त्याच दिवशी कळतं.

पुस्तकातली कृती मी कशी वापरते ते एक उदाहरण देऊनच सांगते. वर्गीकरणाची कृती होती, वेगवेगळ्या वस्तू घ्या, रंगानं, आकारानं वेगळ्या करा. माझ्याकडे रंगीत ठोकळे मोजून ११, ते २६ पोरांना कसे पुरणार. तेव्हा वेचणी चालू होती, मी एका आजींकडून ओंजळभर बोंडं, थोडा कापूस, वाळक्या पऱ्हाटीच्या काड्या आणि परातभर भुईमुगाच्या शेंगा मागून आणल्या. सगळं मधे ओतलं आणि विचारलं, हाई काय शे, म्हणजे हे काय आहे? एका दमात दहा आवाज आले. एक मुलगी, ४ वर्षांची, एरवी तोंड उघडत नाही, ती बोंड हातात घेऊन त्याची एकेक पाकळी बोटानं मोजायला लागली, टोक टोचलं की हात मागं घ्यायची आणि परत लावायची, मग तिनं टोचणारं सगळं एका बाजूला आणि मऊ सगळं दुसऱ्या बाजूला ठेवलं. मी रंग आणि आकार धरून बसले होते, तिनं टोचतं आणि मऊ अशी वाटणी केली आणि ती माझ्यापेक्षा चांगली होती. त्या दिवशी वहीत तिच्याबद्दल दोन नाही, पानभर लिहिलं.

इथे एक सांगायलाच पाहिजे, हे कुठल्या व्हिडिओत येत नाही आणि आपल्या भागात महत्त्वाचं आहे. पेरणीच्या पाकिटातली सरकी पोरांच्या हातात अजिबात देऊ नका, त्या रंगीत बियाण्याला औषध लावलेलं असतं. फवारणीच्या औषधांचे रिकामे डबे, बाटल्या किती पण धुतल्या तरी अंगणवाडीत आणू नका, मग झाकण कितीही छान असो. आणि चिंचोके, मणी, दाणे असल्या बारीक वस्तू ४ वर्षांवरच्यांनाच, तेही मोजून द्यायच्या आणि मोजून परत घ्यायच्या, लहानगे नाकात कानात घालतात. लहानांना वाट्या, फडकी, मोठी झाकणं दिली तरी तेवढीच मजा येते त्यांना.

३ वर्षांखालच्यांसाठी नवचेतना आहे. जन्मापासून ३ वर्षांपर्यंतचं, ३६ महिन्यांचं कॅलेंडर आणि १४० कृती. हे गृहभेटीला न्यायचं पुस्तक आहे. आधी माझी गृहभेट म्हणजे वजन किती, डोस झाला का, टीएचआर (घरी न्यायचा आहार) मिळाला का आणि निघाले. आता जाताना त्या महिन्याची एक कृती डोक्यात ठेवून जाते. आमच्याकडे आई मजुरीला आणि बाळ आजीकडे, त्यामुळे सांगायचं ते आजीलाच. पदर तोंडावर घेऊन भॉक करायचं, वाटीखाली चमचा लपवायचा, बाळानं आवाज काढला की आपण तोच आवाज परत काढायचा. एका आजी म्हणाल्या, ताई हे तर आम्ही करतोच की. म्हटलं आजी, हेच शिक्षण आहे, रोज करा आणि मोबाइल पाळण्यात ठेवू नका. त्यांचा चेहरा असा खुलला! बाळ कोणत्या महिन्यात काय करायला लागतं हे पण त्यात आहे, आवाजाकडे वळत नाही, नजर ठरत नाही असं काही दिसलं तर थांबायचं नाही, आरबीएसकेची, म्हणजे मुलांची तपासणी करणारी सरकारी डॉक्टरांची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, त्यांना दाखवायचं, आणि टीम यायला वेळ असेल तर सरळ दवाखान्यात पाठवायचं.

आता भाषेचं. सगळी पुस्तकं प्रमाण मराठीत आहेत आणि ते समजण्यासारखं आहे, पूर्ण राज्याला एकच पुस्तक म्हटल्यावर तसंच होणार. पण आमची पोरं घरी अहिराणी बोलतात. डोळ्याला डोया म्हणतात, काळ्याला काया, शाळेला शाया. भिल्ल वस्तीतली पोरं येतात त्यांची बोली अजून वेगळी. नवी ताई पुस्तक वाचून डोळा म्हण, डोया नाही, असं करायला लागते आणि पोरगं दोन महिने गप्प होतं. माझ्याकडे असाच एक होता, पोट दुखलं तरी बोलायचा नाही. एक दिवस त्याच्या शेजारी बसून मी सहज विचारलं, तुनी माय कोठे गयी? लगेच म्हणाला, मनी माय वावरमा गयी. आणि मग वावरात काय आहे, बैल कोणते, विहीर कुठे, सगळं बाहेर आलं. २०२० चं शैक्षणिक धोरण पण हेच म्हणतं, लहानपणी घरच्या भाषेतून शिकवा, त्यामुळे कोणी टोकलं तर घाबरू नका. आधी त्याचा शब्द घ्या, त्याच्या शेजारी आपला शब्द ठेवा. डोया म्हणजे डोळा, दोन्ही बरोबर.

त्यासाठीच स्टोरीवीव्हर मला फार लाडकं आहे. प्रथम बुक्सची वेबसाइट आहे, २०१५ पासून चालू, गोष्टींची चित्रांची पुस्तकं फुकट, मराठीत भरपूर, आणि सोप्यापासून अवघड अशा ४ पातळ्या. अंगणवाडीला पहिली पातळीच बघा, एका पानावर एखादी ओळ असते. त्या गोष्टी डाउनलोड करायला, छापायला, दुसऱ्या भाषेत करायला परवानगी आहे, लेखक-चित्रकाराचं नाव ठेवायचं एवढंच. मी काय करते, तालुक्याला गेले की झेरॉक्सच्या दुकानात एखादी गोष्ट कलरमध्ये काढून घेते, प्रत्येक चित्राच्या खाली पेननं अहिराणीत एक ओळ लिहिते आणि पानं जाड पुठ्ठ्यावर चिकटवून दोऱ्यानं बांधते. अशी ९ पुस्तकं झालीत. फोनवर गोष्ट दाखवायची नाही असं माझं मत आहे, २६ पोरं एवढ्याशा स्क्रीनवर पडतात, ढकलाढकली होते आणि चित्र कोणालाच दिसत नाही. कागदाचं पुस्तक पोरं स्वतः हातात घेतात, उलटं धरतात, पान चाटतात पण, चालतं.

एनसीईआरटीचा जादुई पिटारा २० फेब्रुवारी २०२३ ला आला, खेळणी, कोडी, पोस्टर, गोष्टींची पुस्तकं, कार्ड, कृतिपुस्तिका असं सगळं एका पेटीत, १३ भारतीय भाषांत. त्याचं ई-जादुई पिटारा नावाचं ॲप आहे. पेटी मी प्रशिक्षणात बघितली, माझ्या अंगणवाडीत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल जास्त बोलत नाही. ॲपमधून मी खेळांच्या आयडिया घेते आणि घरच्या वस्तूंनी करते. गावात रेंजचा भरवसा नाही म्हणून आठवड्याचं जे लागतं ते तालुक्याला असतानाच उतरवून ठेवते.

पिटाऱ्याच्या मागचा जो अभ्यासक्रम आराखडा आहे, पायाभूत स्तराचा, २० ऑक्टोबर २०२२ चा, तो जाडजूड आहे, सगळा वाचत बसू नका. मूल्यमापनाचा भाग मात्र वाचाच. ३ ते ८ वयाच्या मुलांना परीक्षा, टेस्ट हे अजिबात योग्य नाही असं त्यात स्पष्ट लिहिलंय, मुलाला बघा, त्याचं काम बघा, नोंदी ठेवा. हे मला पालकांसाठी लागतं. आमच्या गावातून पिवळी व्हॅन शहरातल्या इंग्लिश स्कूलला जाते, मग पालक येतात, अक्का तिकडची पोरं एबीसीडी लिहितात, आमचा कधी लिहिणार. मी वाद घालत नाही, त्यांना बसवते, मुलाच्या हातात मातीचा गोळा देते, म्हणते आधी ही बोटं बघा, ही दाबायला, चिमटीत धरायला, फाडायला, ओवायला शिकली की पेन्सिल आपोआप धरतील, आत्ता जबरदस्ती केली तर बोट दुखेल आणि शाळेचा राग येईल. एका भाऊंनी स्वतः माती घेऊन बैल केला पोरासमोर, आणि त्याच्यानंतर ते प्रत्येक पालक मेळाव्याला येतात.

प्रशिक्षणाबद्दल माझं म्हणणं, ३ दिवस जा, मनापासून जा, पण त्यातलं टिकतं ते हातानं केलेलंच. भाषण विसरते, स्वतः जमिनीवर बसून केलेलं कागदाचं बाहुलं विसरत नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी आधी बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर गरीब, आदिवासी पोरांसाठी हेच केलं होतं ना, महागाचं साहित्य नाही तर दगड, पानं, शिंपले घेतले, आणि मूल बालवाडीत येत नाही तर बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. आपल्या अंगणवाडी शब्दाची मुळं तिथली आहेत. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली त्याच्या कितीतरी आधीचं हे काम आहे, आणि मला वाटतं नव्या ताईला पहिल्या दिवशी फॉर्म आणि पोषण ट्रॅकर या नोंदीच्या ॲपच्या आधी ही गोष्ट सांगायला पाहिजे.

मग सुरुवात कशी करायची? आधारशिलाची पीडीएफ घ्या, चालू महिन्याची पानं तेवढी छापा, ब्लॅक अँड व्हाइट चालतात. स्टोरीवीव्हरच्या पहिल्या पातळीच्या दोन गोष्टी कलरमध्ये काढा. एक १०० पानी वही घ्या नोंदींना. एवढंच, बाकी पुढच्या वर्षी. फोनमध्ये चाळीस व्हिडिओ साठवून ठेवले आणि एकही केला नाही असं होऊ देऊ नका.

आणि एकट्यानं करू नका. आमच्या बीटच्या मीटिंगमध्ये आम्ही पर्यवेक्षिका मॅडमना विचारून शेवटची २० मिनिटं मागून घेतलीत. दरवेळी एका ताईनं पुस्तकातली एक कृती बाकीच्यांकडून करून घ्यायची, आम्ही पोरं बनून बसतो, कुठे अडतं ते तिथेच कळतं. मागच्या वेळी एकीनं पाण्यात काय तरंगतं काय बुडतं ते घेतलं, केळीच्या सोपटाचे तुकडे आणि खडे घेऊन, आणि आम्ही सगळ्या बायका परातीभोवती वाकून बसलो होतो. पुढची पाळी माझी आहे. पोळा जवळ आलाय, मी मातीकाम घेणारेय. काळी माती चाळून भिजत घातलीय, ज्यांना यायचंय त्यांनी येताना जुनं फडकं आणा.