टेबलावरचा अंदाज की कामगाराला थेट प्रश्न?

किती कामगार कर्करोगकारक घटकांच्या (पदार्थ, किरणं) संपर्कात येतात, हे ठरवण्याच्या युरोपातल्या दोन पद्धती पाहू.

पहिली केअरेक्स. फिनलंडच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेत तिची उभारणी झाली. उद्योगांचे ५५ गट, प्रत्येकातली कामगारसंख्या आणि त्यातल्या किती टक्क्यांना कोणता पदार्थ भिडतो याचा गुणाकार. ही टक्केवारी आधी अमेरिका आणि फिनलंडच्या आकड्यांवरून घेतली आणि मग त्या त्या देशातल्या तज्ज्ञांनी सुधारली. १९९०-९३ साठी १५ देशांत ३ कोटी २० लाख, म्हणजे २३ टक्के कामगार, असं उत्तर आलं. कमी खर्चात सगळा खंड नजरेसमोर येतो. पण संपर्क जेमतेम आहे की भरपूर, हे त्यातून कळत नाही, आणि बांधकामावरचा गवंडी व त्याच बांधकाम उद्योगातला कचेरीतला कारकून एकाच रकान्यात पडतात.

दुसरी पद्धत २०२२-२३ मधली: सहा देशांतल्या २४ हजारांहून अधिक कामगारांच्या फोनवरून मुलाखती. खुबी प्रश्नांत आहे. ‘सिलिकाची (दगड-वाळूतल्या खनिजाची) धूळ लागते का?’ असं विचारत नाहीत; फरशी कापता का, पाणी मारून कापता का, असं विचारतात आणि त्यावरून संपर्काची पातळी ठरवतात. मागच्या आठवड्यात किमान एका घटकाशी संपर्क आलेले ४७ टक्के निघाले. व्याख्या वेगळ्या, त्यामुळे हा आकडा २३ शेजारी ठेवून धोका दुप्पट झाला म्हणणं चूक. शिवाय इथे घटक फक्त २४, केअरेक्समध्ये १३९.

मला दुसरी पद्धत जवळची वाटते, कारण धूळ कुठे अडवायची हे तिच्यातून दिसतं.