वजनकाटा चांगला, ॲप मात्र बाळबोध

काटा उत्तम. शंभर ग्रॅमचा फरकही दाखवतो, आकडा लुकलुकत नाही. माझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २९ आला. म्हणजे जादा वजनाची २५ ची रेषा कधीच ओलांडलेली. मग चार वर्षांच्या लेकीला उभं केलं, तर ॲपने तिलाही मोठ्यांच्याच तक्त्यात बसवलं! लहानांचं वजन-उंची वय आणि मुलगा-मुलगी बघून ताडतात, एवढंही त्याला ठाऊक नाही. शेवटी डॉक्टरबाईंनी वाढीच्या तक्त्यावर टिंब टाकलं: उंची उणे दोनच्या रेषेखाली, म्हणजे वयाच्या मानाने फारच कमी. एकाच घरात आई जाड, पोर खुरटलेली. पोट भरतं, पण प्रथिनं, लोह, जस्त कमी पडतं, म्हणाल्या. मी आपली ‘बारीक चणीची आहे’ म्हणून गप्प. असो. काटा ठेवलाय, ॲप काढून टाकलं.