डाव्या पानावरचा विनोद

मी सबटायटलं लिहिते. पडद्यावर कोणी बोललं की खाली दोन ओळींत ते मराठीत बसवायचं, आणि तो पुढचं बोलायच्या आत बघणाऱ्याचं वाचून व्हायला हवं. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या एका प्रयोगाचं चित्रण वाट्याला आलं, म्हणून ही सटीक आवृत्ती मागवली. उजव्या पानावर नाटक, डाव्या पानावर टीपा. प्रकाशकाचं नाव घेत नाही, कारण कुरकुर बरीच आहे.

मांडणी मात्र झकास. शब्द अडला की नजर डावीकडे वळवायची, पुस्तकाच्या शेवटी बोट खुपसून बसावं लागत नाही. कागद पेन्सिल सोसतो. विरामचिन्हांच्या पाठभेदांवरच्या टीपा मी सरळ उडवल्या.

आता कुरकुर. पहिल्याच प्रवेशात कॅप्युलेट, म्हणजे ज्युलिएटच्या घराण्याचे दोन नोकर बढाया मारत येतात. एक म्हणतो, आपण ‘कोल्स’ वाहायचे नाहीत, म्हणजे अपमान निमूट गिळायचा नाही. दुसरा म्हणतो, खरंच, नाहीतर आपण ‘कॉलिअर्स’, कोळसेवाले ठरू. मग येतो ‘कॉलर’ म्हणजे संताप, आणि त्याला लागूनच दुसरा ‘कॉलर’, फासावर जाणाऱ्याच्या गळ्यातला दोर. चार ओळींत कोळशापासून फासापर्यंत! भांडण अजून सुरूही झालेलं नाही, पण त्याचा शेवट कुठे होणार ते या दोन टवाळांच्या तोंडून आधीच निसटलंय. आवृत्तीत याच्या चार सुट्या टीपा आहेत, चार अर्थ देणाऱ्या. चारही शब्द एकमेकांचे आवाज पकडून चाललेत, हे कुठेच नाही. शाळेत ‘औषध नलगे मजला’ शिकवताना बाईंनी ‘न लगे’ आणि ‘नल गे’ दोन्ही मोठ्याने म्हणून दाखवलं होतं. आईला एक ऐकू येतं, दमयंती दुसरंच सांगत असते. नुसता फळ्यावर अर्थ लिहिला असता तर वर्ग हसला नसता.

आवाजाच्या बाबतीत ही आवृत्ती बहिरीच म्हणायची. नाटकाच्या सुरुवातीच्या पद्यात ‘फेटल लॉइन्स’ येतं, दोन वैरी घराण्यांच्या पोटी जन्मलेले प्रेमिक अशा अर्थाने. शेक्सपिअरच्या काळच्या उच्चारात ते ‘लाइन्स’च्या, म्हणजे वंशाच्या रेषांच्या, अगदी जवळ जायचं. लंडनच्या ग्लोब थिएटरात 2004 साली हेच नाटक त्या जुन्या उच्चारांत करून पाहिलं होतं, डेव्हिड क्रिस्टल या भाषातज्ज्ञाच्या मदतीने. टीपेत फक्त ‘कंबर, जननशक्ती’. बरं, चावट जागा आल्या की टीपकार आणखीनच आखडतो. ‘अश्लील अर्थ सूचित’ एवढं लिहून पुढे. अहो, सूचित आहे ते मलाही कळलं, कोणता ते सांगा ना!

सगळ्यात जास्त अडले ती जागा तिसऱ्या अंकातली. रोमिओचा मित्र मर्क्युशिओ, त्याला तलवार लागलीय, तो मरणार आहे, आणि म्हणतो, उद्या माझी चौकशी करा, मी ‘ग्रेव्ह’ माणूस झालेला असेन. ग्रेव्ह म्हणजे गंभीर, ग्रेव्ह म्हणजे थडगं. टीप म्हणते, ‘श्लेष: 1. गंभीर 2. कबर’. छान. पण मी काय लिहू? ‘गंभीर’ लिहिलं तर थडगं जातं, ‘कबर’ लिहिली तर हसू जातं. दोन दिवस घोळत होते. मर्क्युशिओ तोवर तापट, सतत उकळणारा. शेवटी लिहिलं: ‘उद्या विचारा मला. अगदी थंड झालेला असेन.’ थडगं गेलं खरं, पण प्रेत राहिलं. तपासणाऱ्यांनी ‘मूळ शब्दाशी जुळत नाही’ म्हणून परत पाठवलं. माझी दोन पानी उत्तरं गेली, मग ‘थंड’ राहिलं.

आवृत्तीच्या प्रस्तावनेत डॉ. जॉन्सन या इंग्रज समीक्षकाचं 1765 मधलं मत आदराने छापलंय: शाब्दिक कोटी ही शेक्सपिअरची घातक क्लिओपात्रा, तिच्यापायी त्याने जग गमावलं आणि ते गमावण्यात समाधान मानलं. वाक्य देखणं आहे. (स्वतः रूपक वापरून कोटीला नावं ठेवणं, हेही आहेच.) पण छातीत भोक पडलेला माणूस कोटी करतो ती काही मोहापायी नव्हे. आमच्या घरमालकांना ‘कसं चाललंय?’ विचारलं की म्हणतात, ‘चालत नाही, ढकलतोय.’ गुडघे गेलेत त्यांचे. बोलायला तेवढंच हातात उरलेलं असतं.

शेवटची पुरवणी मात्र अनपेक्षितपणे उत्तम, बोलीभाषेत मुरलेल्या प्रतिमांवरची. ‘वाइल्ड गूज चेस’ आज निष्फळ धावपळीला म्हणतात, पण मर्क्युशिओच्या तोंडी ती घोड्यांची शर्यत आहे: पुढचा जाईल तिकडे मागच्यांनी ठरावीक अंतर राखून जायचं, उडत्या हंसांच्या रांगेसारखं. शर्यत विसरली, शब्द उरले. हे वाचून मी ‘तोंडाला पानं पुसणं’वर अडकले. रोज वापरते, पण नेमकी कसली पानं, कोणी पुसली, डोळ्यांपुढे काहीच येत नाही.

सबटायटलवाल्यांनी, नाटकवाल्यांनी घ्यावी, पण वाचताना उजवं पान मोठ्याने म्हणावं. बांधणी मध्यम आहे. माझ्या प्रतीत तिसऱ्या अंकाचं पान सुटलंय, ‘थंड’ लिहिलेलं, ते आता संगणकाच्या कडेला चिकटवून ठेवलंय.