कीवर्ड प्लॅनर की सर्च कन्सोल?

क्लायंटसाठी लेख लिहिताना, लोक गूगलवर काय शोधतात हे पाहायला मी ही दोन्ही गूगलची फुकट साधनं वापरते, पण जास्त भरवसा सर्च कन्सोलवर.

प्लॅनर हे मुळात जाहिरातदारांसाठीचं साधन, कोणता शब्द किती शोधला जातो ते सांगणारं. ते नव्या साइटला उपयोगी. अशा साइटकडे स्वतःचा डेटाच नसतो. पण जाहिरातींवर खर्च नसेल, तर महिन्याचे शोध '१ हजार ते १० हजार' असे ढोबळ दिसतात. त्यातला 'स्पर्धा' हा रकानाही जाहिरातदारांमधली चढाओढ सांगतो. गूगलच्या शोधात लेख वर येणं किती अवघड, हे त्यावरून कळत नाही. क्लायंटला हे मी आधीच समजावून सांगते.

कन्सोलमध्ये मात्र, आपली साइट गूगलच्या शोधात दिसली तेव्हा लोकांनी टाइप केलेले शब्द दिसतात, 16 महिन्यांपर्यंतचे. पैठणी विकणाऱ्या एका क्लायंटच्या लेखात मी 'पैठणीची निगा' असं लिहिलं होतं. लोक शोधत होते 'पैठणी घरी धुता येते का'. लेख दिसत होता, पण क्लिक जवळजवळ नव्हते. तोच प्रश्न मथळ्यात घेतला, पहिल्याच परिच्छेदात सरळ उत्तर दिलं, आणि क्लिक येऊ लागले. बायका एकमेकींना विचारतात तसाच तो प्रश्न होता. प्लॅनरच्या यादीत तो मला सापडलाच नव्हता.

म्हणून साइट जुनी असेल, तर मी आधी कन्सोलची परवानगी मागते, मगच विषय ठरवते.