‘कुतच्या वेढ्यातली’ पुंगळी घेण्याआधी बुडावरचं फेल्ट काढायला लावा

मराठा पलटणीचं नाव कोरलेल्या, तोफगोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या चढ्या भावाने विकल्या जात आहेत आणि त्यासाठी नेमकी जुन्या सैनिकांची घरं हेरली जात आहेत. साताऱ्याकडच्या एका कुटुंबाने अशाच एका पुंगळीची फुलदाणी ४८,००० रुपयांना घेतली. विकणाऱ्याने ती पहिल्या महायुद्धातली, इराकमधल्या कुत इथे तुर्कांनी ब्रिटिश-हिंदी फौजेला घातलेल्या वेढ्यात शिपायाने हाताने घडवलेली म्हणून दिली होती. पुंगळी खरी होती, पण युद्ध दुसरंच निघालं.

जाळं टाकलं गेलं ते पदकावरून. घरातल्या मुलाने पणजोबांच्या पदकाचे फोटो एका मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले होते. पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण असं सगळं कोरलेलं असतं आणि ते फोटोत स्पष्ट वाचता येत होतं. काही आठवड्यांनी एका विक्रेत्याचा मेसेज आला, की तुमच्याच पणजोबांच्या नावाची वस्तू एका जुन्या बंगल्याच्या सामानात सापडली आहे. नाव जुळलं, नंबर जुळला, आणि घरच्यांनी पैसे पाठवले. नाव जुळणं हा पुरावा नाहीच. ज्यांच्याकडे पदक नाही त्यांनाही हाच धोका आहे, कारण इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकाच्या नोंदींतली मृत सैनिकांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. तिथून नाव उचलून कोरायला कितीसा वेळ लागतो?

वस्तू दिसायला देखणी होती. कमरेला पन्हळी पाडलेल्या, वर बिगुल, खाली इंग्रजीत ‘११७ मराठा लाइट इन्फन्ट्री, कुत-अल-अमारा, १९१६’. बुडाला हिरवं फेल्ट चिकटवलेलं, टेबलावर ओरखडे पडू नयेत म्हणून, असं विक्रेत्याचं म्हणणं. ॲसिटोन लावून ते सोडवलं, तेव्हा खाली पितळेत ठोकलेला ‘२५ पीआर’ हा शिक्का आणि १९४२ साल निघालं. ‘पीआर’ म्हणजे पाउंडर, आणि पंचवीस पाउंडर ही दुसऱ्या महायुद्धातली तोफ. स्वातंत्र्यानंतरही ती आपल्या सैन्यात बरीच वर्षं होती. पहिल्या युद्धात, मेसोपोटेमियातही म्हणजे आजच्या इराकमध्येही, ब्रिटिशांची मुख्य मैदानी तोफ अठरा पाउंडर होती. दोन्हींच्या पुंगळ्या उंचीला जवळजवळ सारख्या, अठरा पाउंडरची २९५ मिलिमीटर आणि पंचवीसची २९२, म्हणून नुसत्या नजरेला फरक कळत नाही. तोंडाचा फरक मात्र ठळक आहे, अठराचं ८४ मिलिमीटर आणि पंचवीसचं ८८. पण कारागिराने तोंड ठोकून पसरवलं किंवा आवळलं असेल तर व्हर्नियर लावून तोंड मोजण्यात उपयोग नाही. मग निकाल बुडावरच.

खरं तर बूड उघडायच्या आधीच कोरलेल्या मजकुराने चोरी सांगितली होती. १९१६ साली ११७ व्या पलटणीच्या नावात ‘लाइट इन्फन्ट्री’ नव्हतंच, ती नुसती ‘११७ वी मराठाज’. लाइट इन्फन्ट्री म्हणवणाऱ्या मराठा पलटणी १०३, १०५ आणि ११०. त्यांतल्या १०३ आणि ११०, शिवाय ही ११७, कुतमध्ये अडकल्या होत्या. ११७ ला ‘रॉयल’ हा मान १९२१ मध्ये मिळाला आणि ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’ ही एकत्र रेजिमेंट झाली १९२२ मध्ये. पहिल्या युद्धाच्या वस्तूवर ‘रॉयल’ मराठा, ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’ किंवा अशोकस्तंभाचे सिंह दिसले की थांबा. तेव्हा इंग्रजीत पलटणीचं नाव ‘एच’ आणि दोन ‘टी’ घालून (Mahratta) लिहीत, तेही पाहा.

वेढा ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. म्हणजे बुडावरचं साल त्याआधीचंच हवं. आणि मुळात, घोडी कापून खायची वेळ आलेले, शरण जाताना तोफा स्वतः फोडून टाकणारे, नंतर कैदी म्हणून वाळवंटातून चालवत नेलेले शिपाई फुलदाणी बरोबर कशी आणतील? अशा पन्हळी पाडायला पितळ तापवून मऊ करावं लागतं, आत शिसं किंवा राळ भरून ठोकावं लागतं. हे काम बहुतेक पिछाडीच्या वर्कशॉपांत किंवा गावातल्या कारागिरांकडून होई. खंदकात बसून खिळ्याने केलं, ही विकायची गोष्ट आहे.

पुंगळी त्या काळातली असली तरी कोरीवकाम कालचं असू शकतं, आणि तेच ओळखणं सर्वांत अवघड. दहापट भिंगातून अक्षराच्या कडेशी एखादा जुना ओरखडा शोधा. ओरखडा अक्षराच्या खाचेत उतरून पलीकडे गेला असेल तर अक्षर आधीचं. खाचेने ओरखडा स्वच्छ तोडला असेल तर अक्षर नंतरचं. शंभर वर्षं घासलेल्या अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि कोपऱ्यांत पॉलिशचा पांढरट-हिरवा थर सुकून बसतो. फिरत्या मशीनने कोरलेल्या खाचेच्या तळाशी बारीक, एकसारख्या आडव्या रेघा दिसतात. जुनेपणासाठी काळा रंग भरला असेल तर टर्पेंटाइनमध्ये बुडवलेल्या कापसाला तो लागतो. तपासणी होईपर्यंत ब्रासो लावू नका, सगळा पुरावा निघून जातो. ओतीव नकलेची भिंत तोंडाशीही जाड आणि आतून रवाळ असते. खऱ्या पुंगळीची भिंत बुडाकडून तोंडाकडे पातळ होत जाते आणि कुठेही सांधा नसतो.

पैसे देण्याआधी बूड, आतली बाजू आणि अक्षरं यांचा एकाच सलग शॉटमधला व्हिडिओ मागा. विक्रेत्याने स्वतःच छापलेलं होलोग्रामचं प्रमाणपत्र काहीच सिद्ध करत नाही. बुडाच्या मध्यावर प्रायमर, म्हणजे ठोक्याने पेटणारी टोपी, असेल आणि त्यावर ठोक्याचा खड्डा नसेल तर वस्तू हलवू नका, छिद्र पाडू नका, पोलिसांना कळवा.

फसला असाल तर पैसे गेल्याबरोबर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा, जितका उशीर तितकी रक्कम खात्यात अडवणं कठीण. चॅट, व्यवहार क्रमांक, पार्सलचं वेष्टन आणि सोलून काढलेलं फेल्टसुद्धा जपून ठेवा.