तीस बिटांचं पाकीट, सात महिने आणि एक कोलेट

परवा पाकिटातलं शेवटचं दीड मिमीचं डायमंड ड्रिल बिट भोक पाडताना अकीकाच्या (अ‍ॅगेट दगडाच्या) पोटात मोडलं आणि तिथेच अडकून बसलं. सात महिन्यांपूर्वी याच पाकिटाला मी रागाने एक स्टार दिला होता. आज तो बदलतोय. पण पाच मिळणार नाहीत.

३० बिटं, ३४९ रुपये, म्हणजे नग बारा रुपयांच्या आत. अर्थातच प्लेटेड, निकेलमध्ये हिऱ्याच्या कणांचा एकच थर. तो गेला की हातात उरते खिळ्याच्या लायकीची काडी. सिंटर्ड बिटात कण आतपर्यंत असतात, झिजलं तरी नवे वर येतात. त्याचा भाव विचारला आणि गप्प बसलो.

माझे दगड म्हणजे टम्बलरमधून (दगड फिरवून गुळगुळीत करणाऱ्या यंत्रातून) निघालेले अकीक, आपल्याच बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेले. कठीणता मोहसच्या १ ते १० च्या मोजपट्टीवर ७ च्या आसपास. भिंतीचं बिट लावलं तर दगडाला काही होत नाही, बिटालाच धार राहत नाही.

पहिल्या दिवशी एका दगडात चार बिटं संपवली. वरून दोन थेंब पाणी टाकून जोर लावत होतो. टोक काळं पडलं, वास आला, भोक दोन मिमीवर थांबलेलं. विक्रेत्याशी अकरा दिवस भांडलो. उत्तर एकच, ‘कन्झ्युमेबल आहे सर, वॉरंटी येत नाही.’

चूक माझी होती, हे कबूल. आता श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात जुन्या स्लिपरचा तुकडा, त्यावर दगड, आणि दगड बुडेल एवढं पाणी. दर दोन-तीन सेकंदांनी बिट वर उचलायचं, म्हणजे गाळ बाहेर येतो आणि पाणी आत जातं. पॉलिशवर टोक घसरतं, म्हणून सुरुवात तिरकी करून खाच पडली की सरळ उभं करायचं. अर्ध्यावर आलं की दगड उलटा करून दुसऱ्या बाजूने, नाहीतर खालून टवका उडतो. आठ मिमी जाडीला दहा मिनिटं लागतात. एका बिटात पाच-सहा भोकं होतात, म्हणजे भोकामागे दोन रुपये. गुजरातेतल्या खंबातचे कारागीर पूर्वीपासून धनुष्याने फिरणाऱ्या, टोकाला हिऱ्याच्या कण्या बसवलेल्या सामत्याने (हाताच्या ड्रिलने) हेच करत आलेत, आणि दोन्ही बाजूंनीच. तिथल्या अकीक कामगारांना सिलिकोसिसने, म्हणजे दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराने ग्रासलं, तेव्हा कोरडं भोक पाडायचं धाडस करू नका. मोटर मात्र पाण्यापासून लांब. माझी वर टांगलेली असते, खाली फक्त फ्लेक्झिबल शाफ्ट, म्हणजे बिट फिरवणारी लवचिक दांडी.

(अपोफायलाइटच्या, म्हणजे थरांनी सहज फुटणाऱ्या स्फटिकाच्या, वाटेला जाऊ नका. मी गेलो. छान पातळ चकत्या मिळाल्या.)

आता मुख्य तक्रार. बिटाची शँक, म्हणजे टूलमध्ये जाणारी मागची दांडी, २.३५ मिमी. रोटरी टूलसोबत आलेलं कोलेट, म्हणजे ती दांडी पकडणारी चिमटी, ३.२ मिमीचं. पाकिटावर लिहिलेलं नाही, फोटोत दिसत नाही, वर्णनात ‘सर्व रोटरी टूल्ससाठी’! मी आधी शँकला कागद गुंडाळून बघितला. बिट डुगडुगलं, भोक लंबगोल झालं, दोन बिटं तुटली. शेवटी कोलेट वेगळं मागवलं, १९० रुपये, वर ६० डिलिव्हरी. २५० रुपये! ३४९ च्या पाकिटाला! बायको म्हणाली, एवढ्यात बाजारातून ओवलेली माळ आली असती. बरोबर आहे, पण मुद्दा तो नाही. एक ओळ छापायला किती शाई लागते?

कोलेट बसल्यावर मात्र बिटं सरळ फिरली आणि पुढची दोन मोडेपर्यंत तीन महिने गेले. एक मिमीची बिटं नाजूक आहेत, ती मी कुणाला सुचवणार नाही. दीड आणि दोनची पैसे वसूल.

साडेतीन स्टार. अर्धा देता येत नाही म्हणून तीन.

तेच पाकीट पुन्हा मागवलंय, आता ३७९ ला. मागवण्याआधी प्रश्नाच्या जागी विचारलं, ‘शँक किती मिमी?’ उत्तर आलं, ‘हो सर, क्वालिटी एकदम चांगली आहे.’